बत्तीस ठिपके उंचीचा माणूस

मेघालीला चित्र काढता येत नव्हतं, आणि हे तिनं रूपेश सरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला ती डोंगर, झोपडी आणि नदी यांच्यापलीकडे कधी गेली नाही. तिची नदीसुद्धा डोंगर चढून जाताना दिसायची. रूपेश सरांनी ते मनावर घेतलं नाही. ते कंपनीचे सेफ्टी ऑफिसर होते, आणि त्या महिन्यात त्यांना मनावर घ्यायला इतर पुष्कळ होतं.

"चित्र कुठं काढायचंय?" ते म्हणाले. "ठिपके लावायचेत. या खोलीत आल्यापासून बोर्डावर रोज अक्षरं तूच लावतेस ना? तसंच."

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतली ती एक मध्यम आकाराची रसायनांची कंपनी. गेटाच्या आत, हजेरीच्या मशीनशेजारी भिंतीवर एक एलईडी बोर्ड होता, बत्तीस दिवे उंच आणि चौसष्ट दिवे रुंद. त्यावर तारीख, 'हेल्मेट घाला' आणि 'अपघाताविना दिवस' असा आकडा दिवसभर सरकत असायचा. नोव्हेंबरात तो आकडा चारशे अकरावर होता. मग एका मंगळवारी दुपारी तो शून्यावर आला.

त्या दुपारी दोन नंबरच्या प्लांटमधल्या एका रिअ‍ॅक्टरचा दाब वाढला, झाकणाच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं आणि पिवळट वाफ आवारात उतरली. वाफ हवेपेक्षा जड होती. वर न जाता ती जमिनीला धरून पसरत गेली, आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी, मग मांडीपर्यंत. भोंगा वाजला. माणसं जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्यावरून मागच्या गेटाकडे पळाली. एक सोडून सगळी बाहेर पडली. अर्चना नावाची हेल्पर, प्लांटमधले नमुने लॅबमध्ये पोचवणारी, ती वाटेत पडली. तोंडाला मास्क लावून दोघांनी तिला बाहेर ओढलं तोवर चार मिनिटं गेली होती. जीव वाचला, पण छाती कामातून गेली.

मेघाली त्याच लॅबमध्ये केमिस्ट. लॅबमधून अर्चनाच्या मागोमाग जिना उतरली ती हीच. चौकशीत तिला विचारलं, अर्चना नेमकी कुठं पडली. मेघाली म्हणाली, "डोळे चुरचुरत होते. मला काही दिसलं नाही." तसं लिहून घेतलं गेलं, तिनं सही केली, आणि पुढच्या आठवड्यांत तेच शब्द इतक्या जणांना सांगितले की तिचाही त्यावर विश्वास बसला.

मेघाली घिवलीची. वडिलांची, म्हणजे तात्यांची, गावात नारळी-केळीची वाडी. थोरला भाऊ ललित वाडीतच राबायचा. घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच. पालघरच्या कॉलेजात बीएस्सी केलं, सहा वर्षं रोज सकाळी स्कूटीवरून बोईसर गाठलं, आणि पांढरा कोट घालून मान खाली घालून काम केलं. तिच्या हातचा रिपोर्ट कधी चुकून परत आला नाही असं लॅबमध्ये म्हणायचे. अपघातानंतर मात्र बाटलीचं बूच काढलं की तिचा हात थरथरायला लागला. दोनदा काचेचं भांडं फुटलं. मग कंपनीच्या मोठ्या साहेबांनी तिला तात्पुरतं रूपेश सरांच्या खोलीत बसवलं.

घरी आई, मंगला, तिला ताटावर बसवून बघत राहायची. "गो, तू जेवत नाय. काय होतंय ते सांग तरी."

"काय नाय, आई. वास लक्षात राहिलाय."

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

रूपेश सरांनी दिलेलं काम असं होतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरा मारला होता की कंपनीतले निम्मे कामगार बिहार-ओडिशाचे, काही जव्हार-मोखाड्याकडचे. पळायचं कसं आणि कुठं हे सगळ्यांना वाचता येईल असं नाही. तेव्हा चित्र लावा. म्हणून बोर्डावर एक माणूस पळत जाईल, बाण त्याच्यापुढे सरकेल आणि शेवटी चार माणसं जिथे उभी आहेत तिथे तो पोचेल. बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटींची जाळी असायची. एका चौकटीवर क्लिक केलं की तिथला दिवा लागायचा. एकामागून एक चित्रं लावली की ती हलायची. एवढंच.

मेघालीनं पहिल्या दिवशी दोन चित्रं केली. एकात पाय फाकलेले, दुसऱ्यात पाय जुळलेले. बोर्डावर लावली आणि गेटापाशी जाऊन उभी राहिली.

झिपरू म्हणून एक म्हातारा माळी गेटापाशी कुंड्यांना पाणी घालायचा. त्यानं झारी खाली ठेवली, बराच वेळ वर बघितलं. "बाय," तो म्हणाला, "हा पळत नाय. जाग्यावर उभा राहून कातर चालवतोय."

पलीकडे हजेरी लावणाऱ्या एका पोरसवदा ऑपरेटरनं मान हलवली. "हाँ मॅडम. दौड़ नहीं रहा, फिसल रहा है."

ती खोलीत परत आली आणि तिला, का कोण जाणे, त्या दिवसांत पहिल्यांदा कशात तरी मन घालावंसं वाटलं. चूक सापडली की ती दुरुस्त करायची, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. तिनं मोबाइलवर शिकवणारे व्हिडिओ शोधले. असली ठिपक्यांची चित्रं करणारी माणसं जगभर होती आणि नवशिक्यांच्या चुका सगळीकडे त्याच होत्या. पळण्याची चार चित्रं तरी हवीत, असं सगळे सांगत होते. मेघालीनं जुन्या नोंदवहीत लिहून घेतलं: पाय टेकला. अंग दबलं. पाय एकमेकांजवळून गेले. अंग उचललं, दोन्ही पाय अधांतरी. मग हेच दुसऱ्या पायानं, म्हणजे एकूण आठ.

आठ चित्रं करायला तिला तीन दिवस लागले. माणूस पळायला लागला, पण डावा हात आणि डावा पाय बरोबरच पुढे जात होते. ललितनं मोबाइलवर ते बघितलं तेव्हा त्याला हसू आवरेना. "हा कवायतीत चुकलेला दिसतोय. असं पळून बघ आंगणात, तोंडावर पडशील."

तिनं हात उलटे केले. मग डोकं. आठही चित्रांत डोकं एकाच रेषेत होतं, त्यामुळे माणूस दोरीला टांगल्यासारखा वाटत होता. अंग दबलं तिथे डोकं एक ठिपका खाली घेतलं, उडालं तिथे एक ठिपका वर. एका ठिपक्यानं त्या माणसाला वजन आलं. मेघाली खुर्चीत मागे टेकून बघतच राहिली. मग पलीकडचा हात आणि पलीकडचा पाय लाल केला, अलीकडचे नारिंगी ठेवले, आणि कुठला पाय पुढचा हा घोळ मिटला. कंबर जराशी पुढे झुकवली. पायाची टाच काढून टाकली, कारण एवढ्याशा चित्रात टाच दाखवली की बूट जड वाटायचा.

रविवारी संध्याकाळी तिनं ललितला घिवलीच्या किनाऱ्यावर पळायला लावलं आणि मोबाइलवर टिपलं. ओहोटी होती, वाळू घट्ट होती. ललितचं पोट सुटलेलं. तो धापा टाकत चार वेळा आला-गेला. "अजून किती? आता मी मरन," असं म्हणून खाली बसला. तात्या बांधावर उभे राहून बघत होते. पोरगी कितीतरी दिवसांनी हसली म्हणून तेही हसले. त्या चित्रणातून तिला एक गोष्ट कळली. पळणाऱ्याचं पाऊल पुढे नाही, अंगाच्या खाली पडतं. तिनं काढलेला माणूस पाय पुढे फेकत होता, आणि पुढे पडलेलं पाऊल माणसाला अडवतं. तिनं चारही पावलं दोन-दोन ठिपके मागे घेतली. पळणं सुटं झालं.

तेव्हा रूपेश सर म्हणाले, "छान आहे. पण हा सकाळी फिरायला निघालेला माणूस वाटतो. जीव घेऊन पळणारा नाही."

ते खरंच होतं. जीव घेऊन पळणारी माणसं कशी दिसतात? मेघालीनं स्वतःला विचारलं.

आवाराच्या कोपऱ्यावर, सांडपाण्याच्या टाकीवर, एक कॅमेरा होता. त्या दुपारचं चित्रण चौकशीसाठी काढून घेतलेलं होतं आणि त्याची एक प्रत रूपेश सरांच्या कपाटात होती. दोन दिवस तिनं टाळलं. तिसऱ्या दिवशी मागितली.

सरांनी कपाटाकडे बघितलं. "कशाला बघतेस? मी पंचवीस वेळा बघितलंय. खाली नुसती वाफ आहे. काही दिसत नाही."

"पळणं बघायचंय, सर. बाकी काही नाही."

सर जेवायला गेल्यावर तिनं ते लावलं. एका सेकंदाची बारा चित्रं होती, आणि बाणाची कळ दाबून ती एकेक पुढे सरकवता येत होती. पहिल्यांदा तीन-चार ऑपरेटर आले. त्यांच्या पळण्यात ललितच्या पळण्यासारखं काही नव्हतं. खांदे कानापर्यंत चढलेले. हात मागे-पुढे जात नव्हते. एक हात तोंडावर आणि दुसरा काहीतरी ढकलल्यासारखा हवेत. पावलं आखूड, घाईची, पायाखाली काय आहे ते दिसत नसल्यासारखी. तिनं वहीत भराभर खुणा केल्या. हात शांत होता.

मग अर्चना आली, निळा ओव्हरऑल, केसांवर जाळी. पट्ट्यावरून तीन पावलं धावली आणि चौथ्याला चौकटीतून खाली गेली. म्हणजे वाफेत बुडाली. वाफ तेव्हा मांडीएवढी होती. तिथे कोणी होतं असं त्यानंतर वाटेना. चौकशीवाल्यांनी बघितलं ते इतकंच. ती वाफेखालून कुठं सरपटत गेली कोणास ठाऊक. सापडली ती गोदामाच्या भिंतीपाशी, पट्ट्यापासून वीस-पंचवीस फुटांवर. त्यावरून, ती पडली नाही तर वाकून निघाली असं धरून, कंपनीच्या अहवालात लिहिलं गेलं की कामगार ठरलेला मार्ग सोडून गोदामाकडे, बहुधा स्वतःची पिशवी घ्यायला, वळली. निष्काळजीपणा तिचाच.

मागून मेघाली आली. ओढणी नाकावर, डोळे बारीक. तिनं कळ दाबत दाबत स्वतःची पावलं मोजली. गेले दोन आठवडे तिनं पावलांशिवाय काही बघितलं नव्हतं. आता तिच्या डोळ्याला वळण लागलं होतं. एक, दोन, तीन, चार, सगळी आखूड. पाचवं पाऊल लांब. गुडघा वाफेच्या वर आला, कमरेपर्यंत, अंग उचललं गेलं, डोकं दोन ठिपके वर. तिच्या मनात ते ठिपक्यांतच मोजलं गेलं. मग पुन्हा आखूड पावलं.

सपाट जमिनीवर पळणारा माणूस मध्येच एक पाऊल लांब टाकत नाही. काहीतरी ओलांडायचं असेल तरच टाकतो.

ती दोन चित्रं मागे गेली. चौथ्या पावलाला तिची हनुवटी छातीला लागली होती. ती खाली बघत होती. तीन चित्रं पुढे गेली. लांब पावलानंतर दुसऱ्या पावलाला तिचं तोंड मागे वळलेलं होतं. एकदाच. मग समोर.

तिला दिसलं होतं. निळ्या बाहीचा हात, वाफेतून वर आलेला, आणि खाली लोखंडी जाळी सरकवून उघडं राहिलेलं गटाराचं भोक. तिनं अर्चनाला ओलांडलं होतं, मागे वळून खात्री करून घेतली होती, आणि पळाली होती. हे सगळं तिच्या आत कुठंतरी नीट जपून ठेवलेलं होतं. गेले पाच आठवडे फक्त ती त्या बाजूला गेली नव्हती.

सर परत आले तेव्हा संगणक बंद होता आणि मेघाली हात मांडीवर ठेवून बसली होती.

त्या दिवशी तिनं कोणाला काही सांगितलं नाही. उलट तिनं एक गोष्ट केली जिची तिला पुढे फार शरम वाटत राहिली: तिनं चित्र पुरं केलं. खांदे चढवले. एक हात तोंडावर नेला. पावलं आखूड केली, आठाची सहा चित्रं केली, म्हणजे लय तुटकी झाली. नमुना म्हणून तिच्याच पळण्याच्या खुणा होत्या. दुसऱ्या कोणाच्या तिला आता बघवेनात. बोर्डावर तो माणूस धावू लागला तेव्हा हजेरीच्या रांगेत कोणी हसलं नाही. सगळे बघत होते. झिपरू नुसतं म्हणाला, "आता भ्यालाय."

रूपेश सर खूश होते. मेघालीनं विचारलं, "सर, दोन माणसं दाखवू या का? एक पडलेला आणि दुसरा त्याला उठवतोय असं?"

"नाही." सरांचा आवाज बदलला. "नियम असा आहे की थांबायचं नाही. थांबलं की दोघं मरतात. उचलायला मास्कवाले आहेत. तू हे कोणाच्याही डोक्यात घालू नकोस."

"पण सर, कोणी समोरच पडलं तर?"

"तरी."

म्हणजे नियमाप्रमाणे तिनं बरोबरच केलं होतं. सगळं आवार रिकामं झाल्यावर एखाद्यानं कागद वाचून दाखवावा तसं ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. त्यानं तिला जराही बरं वाटलं नाही. ओलांडलं ते एक वेळ नियमात बसेल. पण 'मला काही दिसलं नाही' हे कुठल्या नियमात बसत होतं? आणि ती तसं म्हणाली म्हणूनच तर पिशवी घ्यायला गेल्याचं लिहिता आलं होतं.

रविवारी सकाळी ती बोईसरला गेली. अर्चनाचं घर रेल्वेच्या पलीकडच्या चाळीत, तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. माणसं मूळची नांदेडकडची. दार सासूनं, गोजराबाईंनी उघडलं. सासरे नागोराव पलंगावर पेपर घेऊन बसले होते. नवरा, दिग्विजय, पहिल्या पाळीला गेला होता. अर्चना खाली चटईवर मेथी निवडत होती. पाठ भिंतीला टेकलेली. मेघालीला बघून ती उठायला गेली आणि अर्ध्यावरच थांबून पुन्हा बसली.

"बसा, मॅडम," ती म्हणाली. दोन शब्दांनंतर तिनं श्वास घेतला.

गोजराबाईंनी पाणी आणलं. "ऑफिसातून कोणीच आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच पहिल्या. बरं वाटलं बघा."

मेघालीनं पेला खाली ठेवला. तिनं अर्चनाकडे बघितलं. "अर्चनाताई, मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय."

"ह्यांच्यासमोर बोला. ह्यांना सगळं माहीत आहे."

मग मेघालीनं सांगितलं. मधे कुठं थांबली नाही. कॅमेरा, पाचवं पाऊल, खाली गेलेली हनुवटी, मागे वळलेलं तोंड. बोलून झालं तेव्हा नागोरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला होता.

अर्चना मेथीची काडी मोडत होती. "पाऊल तुम्ही आता मोजलंत," ती म्हणाली. "मी तेव्हाच बघितलं होतं. पाय जाळीत अडकलेला. हात वर केला. तुमचा बूट डोक्यावरून गेला. मग पाय सुटला तशी सरपटत गेले, कुठं ते कळलं नाही." ती थांबली, दोनदा श्वास घेतला. "तुमचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले होते, मॅडम."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"मी बोलायच्या अवस्थेत होते का? आणि नंतर तपासणीचे साहेब आले तेव्हा अहवाल झाला होता. हेल्पर बाई म्हणणार मॅडमनी ओलांडलं, मॅडम म्हणणार मला दिसलंच नाही. कोणाचं खरं?"

गोजराबाई मधेच बोलल्या. त्यांचा आवाज मघाचा राहिला नव्हता. "पोरी, तू बाहेर गेल्यावर एकाला जरी सांगितलं असतंस, तिथं पडलीय म्हणून. थांबली नाहीस ते सोड. सांगितलं असतंस."

मेघालीनं हा विचार केलाच नव्हता. गेटाबाहेर ती झाडाखाली बसून ओकत होती आणि कोणीतरी विचारत होतं, अर्चना कुठाय, अर्चना कुठाय. ती गप्प होती. चार मिनिटं गेली होती. तिनं डोळे मिटले आणि मग उघडले, कारण मिटून काही उपयोग नव्हता.

"मी उद्या जबाब बदलून देते," ती म्हणाली. "तुम्ही पट्ट्यावरच होतात. जाळी उघडी होती. पिशवीबिशवी काही नाही. सगळं लिहून देते."

"द्या."

"तुम्ही मला..."

"मला राग नाही असं समजू नका," अर्चना म्हणाली. "आहे. फार आहे. जिना चढताना येतो, लेकरं पुढं पळाली की येतो. तुम्ही आलात ते बरं केलंत. पण आता जा. मला दमायला झालंय."

नागोरावांनी तिला दारापर्यंत सोडलं. फक्त उंबऱ्यापाशी पायरी नीट बघून उतरा, असं म्हणाले.

सोमवारी मेघालीनं जबाब लिहून रूपेश सरांपुढे ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला. "तुला कळतंय का हे काय आहे? आधीच्या जबाबावर तुझी सही आहे. आणि जाळी उघडी होती हे माझ्या खात्याचं आहे. जाळी दुसऱ्या दिवशी बसवलीय."

"मला माहीत आहे, सर."

"मी हे पुढे पाठवलं नाही तर?"

"मी पालघरला, तपासणीच्या कचेरीत नेऊन देईन."

सरांनी कपाळ चोळलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना घरी दोन मुली होत्या आणि त्यांची नोकरीही त्याच जाळीत अडकलेली होती. आठ दिवस कागद त्यांच्या खणात पडून राहिला. त्या आठ दिवसांत साहेबांनी मेघालीला दोनदा बोलावून घेतलं. तुझी तब्येत बरी नाही, तुला भास होत असतील, असं एकदा गोडीत आणि एकदा आवाज चढवून सांगितलं. लॅबमधल्या मुली तिच्या डब्याशेजारी बसेनाशा झाल्या. घरी तिनं सगळं सांगितलं तेव्हा मंगला कितीतरी वेळ पदर तोंडाला लावून बसली. तात्या म्हणाले, "नोकरी गेली तर गेली. वाडी हाय आपली." मग थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "पण बाय, तू वळून बघितलंस ना?" आणि उठून बाहेर गेले. तिला त्या प्रश्नाइतकं दुसरं काही लागलं नाही.

नवव्या दिवशी तिनं जबाबाची दुसरी प्रत पालघरच्या कारखाना तपासणीच्या कचेरीत नेऊन दिली. पुढच्या आठवड्यात दोघींना तिथं बोलावणं आलं. दिग्विजय तिला रिक्षानं घेऊन आला होता. त्यानं मेघालीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. अर्चना प्रत्येक वळणावर थांबत चढली. मेघाली त्यांच्यामागून, चार पायऱ्या सोडून, तितकीच सावकाश चढली. पुढे जायची तिची हिंमत झाली नाही. अधिकाऱ्यांनी संगणकावर चित्रण लावलं. मेघालीनं कळ दाबून दाखवलं: हे आखूड, हे आखूड, हे लांब, हे इथे, पट्ट्यावर. अधिकारी चष्मा वर करून म्हणाले, "हे तुम्हाला कसं कळलं? आम्ही इतके जण बसलो होतो."

"मी पळणं शिकत होते," ती म्हणाली, आणि ते किती विचित्र वाटतं हे बोलल्यावर तिच्या लक्षात आलं.

अहवाल बदलायला चार महिने लागले. 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडला गेला. अर्चनाच्या उपचारांची जबाबदारी कंपनीवर आली. रूपेश सरांची बदली दुसऱ्या युनिटला झाली. जाताना ते मेघालीशी बोलले नाहीत. मेघालीची नोकरी गेली नाही, पण लॅबही परत मिळाली नाही. तिला डिस्पॅचला बसवलं. तिथे ती पिंपांवर लेबलं लावते. बोर्डावरचा माणूस अजून पळतोय. येता-जाता ती खाली बघून चालते.

पावसाळ्याच्या तोंडावर तिला एक फोन आला. अर्चनाचा आवाज ओळखायला तिला क्षणभर लागला.

"मॅडम, शुक्रवारी छातीची तपासणी आहे. पालघरला. ह्यांना सुट्टी मिळत नाही, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. सोबत कोणी लागतं म्हणतात."

"मी येते," मेघाली म्हणाली. "किती वाजता?"

"नऊला निघायचं." पलीकडून श्वासाचा आवाज आला. "माझ्या मनात काही बदललंय असं धरून चालू नका."

"नाही धरत."

शुक्रवारी ती नऊला दहा कमी असताना चाळीपाशी पोचली. अर्चना दारातच पिशवी घेऊन बसली होती. मेघालीनं पिशवी मागितली. अर्चनानं दिली नाही. दोघी रस्त्यापर्यंत चालत गेल्या, मधे दोनदा थांबून.